कुरण रिकामं नव्हतं, चीफ

चीफ, कालचा शनिवार मी झोपून काढला. तुम्ही गेल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी तुमच्या घरात माणसं होती, दुसऱ्या शनिवारी वहिनींबरोबर तुमचे कागद शोधण्यात दिवस गेला, आणि काल करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. सवयीनं सकाळी जाग आली, चपला घालून लिफ्टपर्यंत गेलेसुद्धा, मग परत येऊन आडवी झाले. दुपारी उठले तेव्हा झोपण्याआधी होते त्यापेक्षा जास्त दमलेली होते.

उद्या तुमच्या निखिलला तुमच्या पुस्तकाची फाईल द्यायची आहे. सगळी प्रकरणं तयार आहेत, फक्त शेवटचं नाही. त्याच प्रकरणावरून आपण भांडत होतो आणि भांडण अर्ध्यावर टाकून तुम्ही निघून गेलात. तुमच्या लेकाला ते कोरं ठेवायचं आहे, मला ते लिहायचं आहे, आणि लिहायचं म्हणजे तुमच्याच पुस्तकात तुम्हाला खोडून काढायचं आहे. ते सोडून मी तुम्हालाच लिहीत बसले आहे. कामाची टाळाटाळ करायला या बाईला बरी कारणं सुचतात, असं तुम्ही वहिनींना ऐकवलं असतं, मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं.

आपली ओळख झाली ती इथे परदेशात, मराठी मंडळाच्या गणपतीत, पुस्तकांच्या टेबलापाशी. नको असतील त्यानं ठेवायची, हवी असतील त्यानं न्यायची, असा तो मामला. मी जुन्या दिवाळी अंकांच्या आशेनं आले होते. टेबलाच्या टोकाला एक खोका होता. त्यातल्या पुस्तकांवर घोडे, टोप्या आणि बंदुका, आणि काहींना तर मुखपृष्ठंच उरली नव्हती. शेजारी पांढऱ्या मिशांचा, कडक इस्त्रीच्या शर्टातला माणूस राखण करत बसला होता. तुमची पुस्तकं कोणी नेत नव्हतं म्हणून तुम्ही वैतागला होतात. कोणी नेली असती तर जास्त वैतागला असतात, हे मला पुढे कळलं. मी एक उचलून चाळलं आणि विचारलं, यात अमेरिकेतले मूळचे लोक कुठे आहेत. तुम्ही म्हणालात, "आहेत ना. दर दहा पानांना मरतात."

मला हसू आलं आणि रागही आला. तुम्ही मग खोक्यातलं एक पुस्तक काढून माझ्या हातात कोंबलंत. हे वाच आणि येत्या शनिवारी क्वीन्सटाउनला माझ्या घराखाली येऊन भांड, म्हणालात. मी खरंच आले.

तुमच्या नोकरीची, चीफ इंजिनिअरपर्यंतच्या बढत्यांची माहिती निखिलनं निधनाच्या बातमीत दिली आहे, ती मी उगाळत नाही. मला आठवतं ते तुम्ही सांगायचात ते बोटीच्या मेसमधलं पुस्तकांचं कपाट. तुम्ही रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावातून उठून ज्युनियर इंजिनिअर म्हणून पहिल्या बोटीवर चढलात आणि बोट पॅसिफिकवर निघाली. बंदरातल्या खलाशांच्या क्लबमधून पुस्तकांची गाठोडी यायची. त्यात निम्म्या प्रेमकथा आणि निम्मी घोड्यावरची. प्रेमकथा इलेक्ट्रिशियन पळवायचा, म्हणून तुमच्या वाट्याला घोडे आले, असं तुम्ही सांगायचात. वर आलं की चारी बाजूंना पाणी, खाली गेलं की इंजिनाचा कानठळ्या बसवणारा आवाज, आणि केबिनमध्ये अमेरिकेतलं अफाट गवत. त्या पोरवयात त्या गवतानं तुम्हाला तारलं. वेड लागायचं राहिलं ते त्यामुळे, हे तुम्ही एकदाच बोललात, पण मी ते विसरलेले नाही.

आणि तुमची ती वॉच देण्याची पद्धत. सुरुवातीला मला ती थट्टाच वाटली होती. इंजिन रूममध्ये एकाची पाळी संपताना दुसरा खाली उतरतो, सगळीकडे फेरी मारतो, कुठलं बेअरिंग तापलंय ते हात लावून पाहतो, कुठे गळतंय ते विचारतो. त्याचं समाधान झालं तर तो म्हणतो, घेतली. नाही झालं तर तो घेत नाही, आणि पहिल्याला वर जाता येत नाही, मग तो कितीही दमलेला असो. हाच नियम तुम्ही कादंबऱ्यांना लावलात. एकानं आधी वाचायची आणि शनिवारी दुसऱ्याच्या हवाली करायची. गोष्ट सांगायची नाही. कुठे तापलंय आणि कुठे गळतंय, एवढंच सांगायचं. समोरच्याचं समाधान झालं नाही तर पुस्तक आणखी आठवडाभर त्याच्याच गळ्यात. तुमच्या ब्लॉकखालच्या कोपीच्या, म्हणजे इथल्या कॉफीच्या, दुकानात, बिनदुधाची, साखर न घातलेली कोपी-ओ समोर ठेवून, आपण दोन शहाणीसुरती माणसं हा खेळ इतक्या गंभीरपणे खेळायचो की दुकानातले अंकल आपल्याला इन्शुरन्सची माणसं समजायचे.

लेखकांच्याही तुम्ही दोन जाती केल्या होत्या. जात हा शब्द तुमच्या तोंडून निघाला तेव्हा मी भुवई उंचावली आणि तुम्ही तो बदलून 'ग्रेड' केलात. काही ब्रिजवरून, म्हणजे बोटीच्या वरच्या सुकाणूच्या खोलीतून लिहिणारे आणि काही इंजिन रूममधून लिहिणारे. ब्रिजवरचे म्हणजे पूर्वेकडच्या शहरात, फार तर एकदा आगगाडीनं पश्चिम पाहून, उरलेलं मनानं रचणारे. अशा एकाची कादंबरी तुम्ही मला हवाली केलीत तेव्हा म्हणालात की हा घोडा दोनशे पानं पळतो आणि एकदाही पाणी पीत नाही, बंकरमध्ये तेल न भरता पॅसिफिक ओलांडावा तसा. तरी ती तुम्हाला आवडायची. एकटा स्वार, मागे गाव, पुढे काहीच नाही, आणि शेवटी तो निघून जातो. त्या निघून जाण्यावर तुमचा जीव होता.

इंजिन रूममधले म्हणजे ज्यांचं बालपण तिथल्या मातीच्या झोपडीत गेलं आणि जे म्हातारपणी कुठल्याशा शहरात बसून आठवून लिहीत होते. त्यात बायका जास्त होत्या, हे तुमच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्या आलं. तसल्या एकीची कादंबरी मी तुमच्या स्वयंपाकघरात बसून वाचून दाखवत होते, मराठीत करत करत. वाऱ्याला कंटाळलेली बायको, मातीच्या भिंतीच्या खिडकीला तिनं लावलेला पडदा, आणि नवरा चार महिने गुरं घेऊन गेलेला. वहिनी आंबोळ्या घालत होत्या. तवा तसाच ठेवून त्या म्हणाल्या की ही बाई मला माहीत आहे, हिला पत्रं उशिरा मिळत असणार. तुम्ही पेपर उघडून वाचायला लागलात. तो आदल्या दिवशीचा होता, आणि ते आम्हा दोघींनाही दिसत होतं.

त्यानंतरच तुम्ही पुस्तकाचं मनावर घेतलंत. आपल्याकडे या कादंबऱ्या म्हणजे प्रवासात वाचून फेकायच्या, अशी समजूत आहे. त्यातल्या चांगल्या कोणत्या, त्या लिहिणारी माणसं कोण होती, कुठून बघत होती, हे मराठीत कोणीतरी नीट सांगायला पाहिजे, असं तुमचं म्हणणं. हात थरथरायला लागले होते, म्हणून तुम्ही बोलायचात आणि मी टंकायचे. आठवडाभर वन-नॉर्थच्या प्रयोगशाळेत पाणी गाळणाऱ्या पडद्यांवर डोकं फोडायचं आणि रविवारी तुमचा आवाज कानात घालून घोडे पळवायचे. ऑफिसात विचारायचे, वीकेंडला काय केलं. काय सांगणार.

खटका उडाला तो पहिल्याच प्रकरणात. तिथल्या अफाट गवताळ मुलखाला मराठीत काय म्हणायचं यावर तुम्ही सहज सुचवलंत, गायरान म्हणू. मी टंकायची थांबले. तुम्हाला वाटलं, शब्द आवडला नाही. शब्द चांगलाच होता. मी तुम्हाला सांगितलं की आम्ही गायरानातले. अकोल्याकडच्या आमच्या गावात आमची वस्ती गावाबाहेर, गायरानावर, पणजोबांच्या आधीपासूनची. वडील लहान असताना मोजणीला माणूस आला होता. आमच्याच अंगणात उभा राहून, आमच्याच घरचं पाणी वरून ओंजळीत घेऊन प्यायला, आणि नकाशात त्या जागी गवत दाखवून गेला. वडील ही गोष्ट हसत सांगायचे. ते हसायचे म्हणून लहानपणी मीही हसायचे.

तुम्ही समोरची कोपी गार होऊ दिलीत. मग म्हणालात की शेवटचं प्रकरण याच्यावर करू, आधीपासून जे तिथे होते त्यांच्यावर. प्रस्तावनेत तसं लिहायलाही लावलंत. ते माझ्याच फाईलमध्ये आहे, त्यामुळे आता कोणी काढायचं म्हटलं तरी मी काढू देणार नाही.

पण ते प्रकरण काही होईना. दर शनिवारी त्याच्याभोवती आपण फिरायचो. ईस्ट कोस्टला समुद्रकाठच्या बाकावर बसून नांगरलेल्या बोटी बघताना तर हमखास. तुम्ही म्हणायचात की लेखकाला जे दिसलं ते त्यानं लिहिलं, त्याला गवत दिसलं. मी म्हणायचे, मोजणीवाल्यालाही गवतच दिसलं होतं. तुम्ही म्हणायचात की कादंबरी म्हणजे कोर्ट नव्हे, प्रत्येक पानाला जाब विचारलास तर एक कादंबरी उभी राहणार नाही, मराठीतली तर नाहीच. हे मला पटायचं आणि पटलं म्हणून जास्त राग यायचा. एकदा मी जरा जास्तच बोलले. म्हटलं, तुमचा तो एकटा स्वार धादांत खोटा आहे, त्याच्या पुढे 'काहीच नाही' असं कधी नव्हतंच.

"खोटा असेल," तुम्ही म्हणालात. "पण मग तो सोबतीला होता म्हणून काढलेली माझी वर्षं मी कुठे ठेवू, ते सांग."

आपण बसनं परत आलो. तुम्ही खिडकीकडची जागा मला दिलीत, रागावला असलात तरी द्यायचात तशीच.

शेवटी मी तुम्हाला तिथल्या त्या मूळच्या लोकांपैकीच एका बाईची कादंबरी आणून दिली. तिच्यात गोरे वसाहतवाले फार उशिरा येतात, लांबवर उठलेल्या धुळीसारखे, आणि त्याआधी अर्धं पुस्तकभर लग्नं, रुसवेफुगवे, सासवा, धान्य, एक आळशी कुत्रा. टॅबवर अक्षरं मोठी करून तुम्ही ती वाचत होतात. महिना घेतलात. एरवी दोन दिवसांत पुस्तक फस्त करणारा माणूस.

आपला शेवटचा शनिवार त्या पुस्तकाचा होता. तो शेवटचा आहे हे माहीत असतं तर मी वेगळं वागले असते का, हा प्रश्न मला सगळे विचारून झाले, मीही विचारून झाले. मला नाही वाटत. तुम्ही नेहमीसारखे ताठ बसलात आणि हवाली करायला लागलात. म्हणालात, फार चांगलं आहे, कुठे तापलेलं नाही, कुठे गळत नाही, सगळं व्यवस्थित चालू आहे. एवढंच. पाणी न पिणाऱ्या घोड्यावर तासभर बोलणारा माणूस या पुस्तकावर दोन वाक्यांत आटोपतं घेत होता. मला कळलं की तुम्ही माझं मन राखताय. मला ते नको होतं. मी म्हटलं, नाही घेत. तुम्ही फेरी न मारताच वर आला आहात.

तुम्ही चिडाल असं वाटलं होतं. तुम्ही चिडला नाहीत. कप बाजूला सारलात आणि एका जाळ्याचं सांगितलंत.

बोट इथेच गोदीत दुरुस्तीला चढवली होती. पाणी काढून टाकल्यावर तुम्ही टॉर्च घेऊन खाली गेलात, तर प्रोपेलरमागच्या शाफ्टला जाळं गुंडाळलेलं. नायलॉनचं, घासून घासून वितळलेलं, दगड झालेलं. त्यात तरंगायला बांधतात तसले प्लॅस्टिकचे डबे होते आणि एका डब्याला लाल चिंधी. ती चिंधी ज्या गाठीनं बांधली होती ती तुमच्या खाडीतली माणसं बांधतात तशीच होती. ते तुमच्याकडचं जाळं नव्हतं. कुठलंही असू शकेल. एवढी मोठी बोट जाताना खाली काही कळत नाही. कोणाचं होतं, होडीवर कोणी होतं का, कोणी विचारलं नाही, तुम्हीही नाही. करवत आणवून ते कापायला लावलंत आणि रिपोर्टात लिहिलंत, फॉरेन मटेरियल काढलं.

"पुस्तक वाचताना मला सारखी ती चिंधी दिसत होती," तुम्ही म्हणालात. "म्हणून वेळ लागला."

मी म्हटलं, हेच लिहा, शेवटचं प्रकरण इथूनच सुरू करा. तुम्ही मान हलवलीत. ते घालायचं की नाही हे मला ठरवू दे, म्हणालात, आणि पुढच्या शनिवारी सांगतो. मग नेहमीसारखे दोन्ही कप उचलून ठेवायला गेलात. मी मागून तुमची पाठ बघितली, थोडी वाकलेली. लिफ्टपर्यंत सोडायला आले असते तर बरं झालं असतं, पण तुम्हाला ते आवडायचं नाही.

मधल्याच एका दुपारी जेवून पडलात ते उठला नाहीत. वहिनींचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत होते. हातातलं काम पुरं करून निघाले, हे मला नंतर फार विचित्र वाटलं. बोना व्हिस्टाला फलाटावर उभी राहून, क्वीन्सटाउनची गाडी कोणत्या बाजूला येते, हेसुद्धा मला आठवेना. मंडाईच्या स्मशानभूमीत निखिल काळ्या टी-शर्टमध्ये उभा होता आणि तुमच्या जुन्या कंपनीतले पिकलेल्या केसांचे खलाशी, एकेकाळचे तगडे, एकमेकांच्या आधारानं उभे होते. तुम्हाला आत नेलं तेव्हा मी रडले नाही. रडले ती चार दिवसांनी, एका मीटिंगमध्ये, कोणीतरी 'हँडओव्हर' म्हणालं तेव्हा. लोकांना वाटलं मी नोकरी सोडते आहे.

आता निखिलचं. त्याला वाईट बोलू नका. पुस्तक छापून नातेवाइकांना आणि बोटीवरच्या मित्रांना द्यायचं ही त्याचीच कल्पना, सगळी धावपळही त्याचीच. त्याला मराठी अडखळत वाचता येतं, तरी त्यानं प्रत्येक प्रकरण वाचलं आहे, रात्री आईकडून अर्थ विचारून. शेवटच्या प्रकरणाचं मी विचारलं तर म्हणाला, "आंटी, जस्ट लीव्ह इट ब्लँक लाह. वर टायटल, खाली एम्प्टी पेजेस. पप्पा गेले, सो एम्प्टी. व्हेरी नाइस, व्हॉट."

आणि खरं सांगते, चीफ, मी हो म्हणणार होते. मी इतकी दमले आहे की मला कुठल्याही गोष्टीला हो म्हणणं सोपं झालंय. कोरी पानं छान दिसली असती. नातेवाइकांनी डोळे पुसले असते. फोन हातात धरून मी तोंड उघडलं आणि वडील आठवले, हसताना त्यांचे हलणारे खांदे. जे तिथे होते त्यांचं प्रकरण, आणि त्यातच काही नाही. मी निखिलला म्हटलं, तसं नको, मी लिहिते, माझ्या नावानं लिहिते, आणि त्यात पप्पांचं काय चुकत होतं तेही लिहिते. तो म्हणाला की मम्मीला विचारावं लागेल, पुस्तक पप्पांचं आहे.

म्हणून काल संध्याकाळी, झोपून उठल्यावर, मी वहिनींकडे गेले. त्यांनी कुळथाचं पिठलं आणि भात केला होता, दोघींपुरता. मी येणार हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. मी सगळं सांगितलं, जाळ्याचंसुद्धा. तुम्ही ठरवतो म्हणाला होतात आणि ठरवलंत की नाही मला माहीत नाही, हेही सांगितलं. मला वाटलं होतं त्या म्हणतील, गेलेल्या माणसाशी कशाला भांडतेस, लोक काय म्हणतील. गावाकडे तुमच्या चुलतभावांना हे पुस्तक जाणार आहे. त्यांच्यातल्या कोणाला माझं नाव आणि आडनाव वाचून काय वाटेल, हेही माझ्या डोक्यात होतं, आणि वहिनींच्याही असणार.

जाळ्याचं वहिनींना माहीत होतं. लग्नाला दोन-चार वर्षं झाली असतील तेव्हा तुम्ही त्यांना सांगितलं होतंत आणि त्यानंतर कधीही तो विषय काढला नव्हता. कोणाला तरी सांगितलंत याचं त्यांना बरं वाटलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मला थोडा हेवा वाटला. मी पहिली नव्हते.

"लिही," त्या म्हणाल्या. "भांडणासकट लिही. पण त्यांची बाजू कच्ची ठेवू नकोस. ते आता उत्तर द्यायला नाहीत."

मी हो म्हटलं. त्या वेळी मला ते सोपं वाटलं. इतकी वर्षं तुमचा शब्द न् शब्द मीच टंकलाय, तुमची बाजू मला पाठ आहे, असं वाटलं.

आज सकाळी बसले. माझी बाजू भराभर उतरली. मोजणीवाला, गवत, धूळ उडवत येणारी ती माणसं, आधीपासून तिथे चाललेली लग्नं आणि रुसवे, गोदीतली लाल चिंधी. मग तुमची मांडायला घेतली. लेखकाला दिसलं ते त्यानं लिहिलं. कादंबरी म्हणजे कोर्ट नव्हे. माझी वर्षं मी कुठे ठेवू. सगळी तुमचीच वाक्यं, एकही शब्द माझा नाही, आणि वाचून पाहिलं तर ती तुमची वाटेनात. कारण ती चिंधीचं सांगण्याआधीची आहेत. त्या शनिवारी कप उचलून गेलेला माणूस परत येऊन तेच बोलला असता का? कदाचित आणखी हट्टानं तेच बोलला असता. कदाचित म्हणाला असता, मी चुकलो, पण घोडा मात्र चांगला होता. कदाचित असं काही बोलला असता की माझी भराभर उतरलेली बाजू मला फाडून टाकावी लागली असती, आणि बसमध्ये खिडकीशी बसून मी तुमच्यावर आठवडाभर चिडून राहिले असते.

'यावर चीफ म्हणाले असते की' इथपर्यंत लिहिलंय. बाहेर कोणाचं तरी वॉशिंग मशीन चाललंय. तासभर मी त्याच ओळीपाशी बसून आहे, डोळ्यांची आग होतेय, आणि पुढे काही येत नाही. तुम्ही काय बोलाल ते मला आधी कधीच ओळखता आलं नाही, चीफ. म्हणून तर मी यायचे.